शरीरातील चरबीचे प्रमाण: सूत्रे अनेक, उत्तरे वेगवेगळी

इलेक्ट्रॉनिक सिटी, बंगळुरू : प्रौढ व्यक्तीच्या शरीरात चरबी किती आहे, हे सांगणारी डझनभर सूत्रे आज उपलब्ध आहेत. एकाच व्यक्तीची मापे या सूत्रांत घातली असता उत्तरांत दहा टक्क्यांपर्यंत अंतर पडू शकते. बैठे काम करणाऱ्या भारतीयांच्या दृष्टीने हे अंतर केवळ गणिती कुतूहलाचा विषय नाही. कोणते सूत्र विश्वासार्ह मानावे यावर, मधुमेहाचा धोका वेळीच लक्षात येतो की दुर्लक्षित राहतो, हे अवलंबून असते.

बंगळुरूच्या दक्षिणेस होसूर मार्गावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी ही या प्रश्नाची पार्श्वभूमी समजून घेण्यास योग्य जागा आहे. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर 'केओनिक्स' या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने १९७८ मध्ये ही वसाहत उभारली. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसचे मुख्यालय येथेच आहे. महाराष्ट्रातून आलेले अनेक तरुण अभियंते येथील कंपन्यांत काम करतात. दिवसाचे आठ-दहा तास संगणकासमोर बसणे आणि येण्या-जाण्यात जाणारा वेळ, असा त्यांचा दिनक्रम असतो.

माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील वार्षिक आरोग्य तपासणीच्या अहवालात वजन आणि उंचीबरोबर 'बॉडी फॅट' असा एक रकाना आता सर्रास आढळतो. व्यायामशाळेतील यंत्र एक आकडा दाखविते, भ्रमणध्वनीवरील अॅप दुसरा आणि तपासणीचा अहवाल तिसरा. यांपैकी खरा कोणता, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

पुण्यातील छायाचित्र

या विषयावरील सर्वांत बोलके उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाच्या शहरातील आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा देहभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, सारखाच होता : २२.३. मात्र डेक्सा या क्ष-किरण पद्धतीने मोजल्यावर डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून हे उदाहरण 'वाय-वाय विरोधाभास' या नावाने जगभर ओळखले जाते.

त्याआधी डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून गर्भवती माता व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास सुरू केला होता. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. या गावांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. वजन, स्नायू आणि पोटाचा घेर यांत पुण्याची बालके बरीच मागे होती. पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. 'बारीक पण मेदयुक्त भारतीय' ही संकल्पना येथून रूढ झाली. शरीर सडपातळ दिसते, वजनकाटा समाधानकारक आकडा दाखवितो, तरीही चरबीचे प्रमाण अधिक असते, असा तिचा आशय आहे.

सूत्रांची तुलना करताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण प्रचलित सूत्रांपैकी बहुतेक सूत्रे युरोप व अमेरिकेतील लोकांच्या मापांवरून तयार झाली आहेत.

सूत्र म्हणजे मोजमाप नव्हे

जिवंत माणसाच्या शरीरातील चरबी वेगळी काढून तिचे वजन करता येत नाही. त्यामुळे सर्व पद्धती अप्रत्यक्ष आहेत. त्यांतील जुनी पद्धत पाण्याखाली वजन करण्याची. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्यावरून शरीराची घनता काढता येते. चरबीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम आणि उर्वरित शरीराची सुमारे १.१ ग्रॅम धरली की, दोहोंचे प्रमाण गणिताने मिळते. याच आधारावर सिरी यांनी १९६१ मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरात आहे :

चरबीची टक्केवारी = (४९५ ÷ घनता) − ४५०

ब्रोझेक आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये त्यात थोडा बदल करून (४५७ ÷ घनता) − ४१४.२ असे सूत्र दिले. सामान्य बांध्याच्या व्यक्तीसाठी या दोन सूत्रांच्या उत्तरांत फारसा फरक पडत नाही. मात्र चरबीविरहित शरीराची घनता सर्व माणसांत सारखी असते, हे दोन्ही सूत्रांमागील गृहीतक आहे. हाडांचा घट्टपणा, स्नायूंचे प्रमाण आणि शरीरातील पाणी यांनुसार ती प्रत्यक्षात बदलते.

पाण्याची टाकी किंवा डेक्सा यंत्र प्रत्येक ठिकाणी उपलब्ध नसते. म्हणून संशोधकांनी काही शे किंवा काही हजार लोकांची चरबी अशा पद्धतीने मोजली, त्याच लोकांची सोपी मापे घेतली आणि दोहोंचा संख्याशास्त्रीय संबंध जोडला. आपण वापरतो ते सूत्र म्हणजे हा संबंध होय. ज्या लोकांवर तो बेतला, त्यांच्यासारख्याच व्यक्तीला तो नीट लागू पडतो.

सोप्या मापांनुसार या सूत्रांचे तीन गट पडतात.

पहिला गट : वजन, उंची आणि वय

नेदरलँड्समधील ड्यूरेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये १,२२९ व्यक्तींच्या मापांवरून प्रौढांसाठी पुढील सूत्र प्रसिद्ध केले :

चरबीची टक्केवारी = (१.२० × बीएमआय) + (०.२३ × वय) − (१०.८ × लिंग) − ५.४

यात पुरुषासाठी लिंग १ आणि स्त्रीसाठी ० धरतात. बीएमआय काढण्यासाठी किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. या सूत्राची प्रमाणित त्रुटी सुमारे ४ टक्के आहे, असे संशोधकांनीच नमूद केले होते.

गॅलाघर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये बीएमआयच्या व्यस्तावर आधारित सूत्रे मांडली. त्यांतील एका रूपात आशियाई व्यक्तींसाठी स्वतंत्र पद जोडलेले आहे. मात्र त्या अभ्यासातील आशियाई व्यक्ती जपानमधील होत्या. स्पेनमधील नावारा विद्यापीठाच्या रुग्णालयातील संशोधकांनी २०१२ मध्ये 'कुन-बाए' नावाचे अधिक लांबलचक सूत्र दिले. त्यातही वय, लिंग आणि बीएमआय हीच तीन पदे निरनिराळ्या प्रकारे गुंफलेली आहेत.

या गटाचा लाभ म्हणजे वजनकाटा आणि उंची एवढ्यावर काम भागते. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. वजन स्नायूंचे आहे की चरबीचे, हे सूत्राला कळत नाही. वाय-वाय उदाहरणात दोघेही पुरुष आणि बीएमआय समान. ड्यूरेनबर्ग यांच्या सूत्रात मग केवळ वयाचा फरक उरतो. चरबीतील १२.१ टक्क्यांचा फरक वयातून दाखवायचा तर दोघांच्या वयात सुमारे ५३ वर्षांचे अंतर असावे लागेल. अर्थात हे सूत्र तो फरक दाखवू शकत नाही.

दुसरा गट : मोजपट्टी

अमेरिकी नौदलासाठी हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ मध्ये घेरांवर आधारित सूत्रे तयार केली. पुरुषांसाठी कंबरेच्या घेरातून मानेचा घेर वजा करतात. स्त्रियांसाठी कंबर आणि नितंब यांच्या घेरांच्या बेरजेतून मानेचा घेर वजा करतात. सर्व मापे सेंटिमीटरमध्ये आणि लॉगरिदम १० या पायाचे घ्यावयाचे :

पुरुष : घनता = १.०३२४ − ०.१९०७७ × लॉग (कंबर − मान) + ०.१५४५६ × लॉग (उंची)

स्त्रिया : घनता = १.२९५७९ − ०.३५००४ × लॉग (कंबर + नितंब − मान) + ०.२२१०० × लॉग (उंची)

मिळालेली घनता सिरी यांच्या सूत्रात घातली की टक्केवारी मिळते.

बर्गमन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वजनाविना चालणारा 'शरीर मेदता निर्देशांक' सुचविला. नितंबांच्या घेराला (सेंटिमीटर) उंचीच्या (मीटर) दीड घाताने भागून त्यातून १८ वजा करावेत, असे ते सूत्र आहे. ते अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या मापांवर बेतलेले आहे. पोटाचा घेर यात येत नाही, ही त्याची मोठी उणीव होय.

वुलकॉट आणि बर्गमन यांनी २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातील १२ हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून 'सापेक्ष मेद मान' हे सूत्र काढले. साधेपणात ते सर्वांत पुढे आहे :

पुरुष : ६४ − २० × (उंची ÷ कंबर)

स्त्रिया : ७६ − २० × (उंची ÷ कंबर)

येथे एक सूक्ष्म अडचण आहे. 'कंबर' या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी सारखा नाही. नौदलाच्या पद्धतीत पुरुषांचे माप बेंबीच्या पातळीवर आणि स्त्रियांचे सर्वांत अरुंद जागी घेतात. अमेरिकी सर्वेक्षणात ते नितंबाच्या हाडाच्या वरच्या कडेला घेतले गेले. जागतिक आरोग्य संघटना शेवटची बरगडी आणि हे हाड यांच्या मध्यावर माप घेण्यास सांगते. पँटचे माप यांपैकी कोठेच बसत नाही.

तिसरा गट : त्वचेची घडी

कॅलिपर नावाच्या चिमट्याने त्वचा व तिच्याखालील चरबीची घडी पकडून तिची जाडी मोजतात. ग्लासगो येथील डर्निन आणि वोमर्सले यांनी १९७४ मध्ये १६ ते ७२ वर्षे वयाच्या ४८१ स्त्री-पुरुषांच्या अभ्यासावरून सूत्रे दिली. दंडाची पुढची बाजू, दंडाची मागची बाजू, पाठीवर खांद्याच्या हाडाखाली आणि कमरेच्या हाडाच्या वर, अशा चार जागी घडी मोजून बेरीज करतात. वयोगट व लिंगानुसार स्थिरांक वेगवेगळे आहेत. ३० ते ३९ वर्षांच्या पुरुषांसाठी घनता = १.१४२२ − ०.०५४४ × लॉग (चार घड्यांची बेरीज, मिलिमीटर) असे सूत्र आहे. अमेरिकेत जॅक्सन आणि पोलॉक यांची १९७८ (पुरुष) आणि १९८० (स्त्रिया) ची सूत्रे अधिक प्रचलित आहेत.

ही पद्धत प्रत्यक्ष चरबीला हात घालते, ही तिची जमेची बाजू. मात्र मोजणारा सरावलेला हवा. शिवाय पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी कॅलिपरला सापडत नाही. भारतीय प्रौढांसाठी अशा सोप्या पद्धती कितपत चालतात, याची तपासणी बंगळुरूच्याच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी केली असून ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली.

एकच व्यक्ती, सहा उत्तरे

तुलना स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. इलेक्ट्रॉनिक सिटीत काम करणारा ३५ वर्षांचा पुरुष. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६५ किलो, कंबर ९० सेंटिमीटर, मान ३७ सेंटिमीटर, नितंब ९५ सेंटिमीटर. त्याचा बीएमआय २२.५ येतो. सूत्रांची उत्तरे अशी :

- गॅलाघर (वंशाचे पद नसलेले रूप) : १६.६ टक्के
- ड्यूरेनबर्ग : १८.८ टक्के
- कुन-बाए : १८.८ टक्के
- अमेरिकी नौदल : २२.२ टक्के
- शरीर मेदता निर्देशांक : २४.९ टक्के
- सापेक्ष मेद मान : २६.२ टक्के

त्याच्या चार घड्यांची बेरीज ६० मिलिमीटर भरली, तर डर्निन-वोमर्सले सूत्राने सिरी यांच्या रीतीने २३.५ टक्के आणि ब्रोझेक यांच्या रीतीने २२.९ टक्के असे उत्तर मिळते.

पुरुषांत २५ टक्क्यांहून अधिक चरबी जास्त मानण्याचा प्रघात आहे. स्त्रियांसाठी ही मर्यादा काही ठिकाणी ३०, तर काही ठिकाणी ३५ टक्के धरली जाते. सर्वमान्य अशी एकच मर्यादा अद्याप नाही. २५ टक्के ही मर्यादा धरल्यास वरील व्यक्ती बीएमआयवर आधारित तिन्ही सूत्रांनुसार निर्धोक ठरते आणि शेवटच्या सूत्रानुसार मर्यादा ओलांडते.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच दिसते. वय ३२, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ५८ किलो, कंबर ८२, नितंब ९६ आणि मान ३२ सेंटिमीटर असल्यास ड्यूरेनबर्ग यांचे सूत्र ३०.२, नौदलाचे ३३.६ आणि सापेक्ष मेद मान ३७.७ टक्के दाखविते.

या उत्तरांत एक सुसंगती आहे, ती पाहण्यासारखी आहे. वजनावर आधारित सूत्रे कमी आकडा देतात आणि कंबरेवर आधारित सूत्रे जास्त. मध्यम वजन आणि पुढे आलेले पोट, ही भारतीय शरीराची नेहमीची ठेवण असल्यामुळे हे घडते. बीएमआय ज्या चरबीकडे दुर्लक्ष करतो, ती मोजपट्टीला दिसते.

यंत्रावरील आकडा

व्यायामशाळांतील आणि घरगुती वजनकाट्यांतील 'बॉडी फॅट' यंत्रे शरीरातून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडून होणारा विरोध मोजतात. पाणी अधिक असलेल्या स्नायूंतून प्रवाह सहज जातो, चरबीतून तो अडतो. मात्र यंत्र मोजते तो केवळ विरोध. त्याचे टक्केवारीत रूपांतर उत्पादकाने आत बसविलेले सूत्रच करते आणि ते सूत्र ग्राहकाला सहसा सांगितले जात नाही. पाणी पिणे, जेवण आणि व्यायाम यांमुळेही आकडा बदलतो. त्यामुळे दोन यंत्रांच्या उत्तरांची परस्परांशी तुलना करण्यात अर्थ नाही.

डेक्सा पद्धत या सर्वांहून अधिक भरवशाची मानली जाते. तरीही निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रांत थोडा फरक आढळतो. शिवाय हा केवळ उत्सुकतेपोटी वारंवार करण्याचा तपास नव्हे.

किती चूक संभवते?

त्रुटी दोन प्रकारची असते. पहिली समूहाची : सूत्र ज्या समाजावर बेतले, त्याहून वेगळ्या समाजात ते सातत्याने कमी किंवा जास्त सांगते. सिंगापूरमधील चिनी, मलाय आणि भारतीय वंशाच्या नागरिकांच्या अभ्यासात, समान बीएमआयला भारतीयांत चरबीचे प्रमाण सर्वाधिक आढळले होते.

दुसरी त्रुटी व्यक्तीची. प्रमाणित त्रुटी ४.१ टक्के असेल, तर १८.८ या उत्तराचा अर्थ असा की, अशा दर तीन व्यक्तींपैकी साधारण दोघांचे खरे प्रमाण १४.७ ते २२.९ या दरम्यान असेल आणि एकाचे त्याही बाहेर. म्हणून दशांशचिन्हापुढील आकड्याला फारसे महत्त्व देऊ नये. मोजपट्टीही चुकते. वरील उदाहरणात कंबरेचे माप चुकून २ सेंटिमीटर जास्त घेतले, तर नौदलाच्या सूत्राचे उत्तर २२.२ वरून २३.६ वर जाते.

बदल मोजण्यासाठी कोणते सूत्र?

समजा, वरील व्यक्तीने वर्षभर नियमित व्यायाम केला. वजन ६५ किलोच राहिले, परंतु कंबर ९० वरून ८५ सेंटिमीटर झाली. जुन्या वयानेच हिशेब केल्यास नौदलाचे सूत्र २२.२ वरून १८.६ वर आणि सापेक्ष मेद मान २६.२ वरून २४ वर येते. ड्यूरेनबर्ग यांचे सूत्र मात्र १८.८ वरच थांबते. उलट वय एक वर्षाने वाढल्याबद्दल ते चरबी ०.२ टक्क्याने वाढल्याचे सांगते. यावरून, प्रयत्नांचे फळ पाहण्यासाठी वजनावर आधारित सूत्र उपयोगी नाही, हे स्पष्ट होते.

भारतीयांसाठी मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ हा सावधगिरीचा टप्पा सुचविला. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये सहमतीने बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता, तसेच कंबरेसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर या मर्यादा निश्चित केल्या. आपल्या उदाहरणातील पुरुष बीएमआयच्या कसोटीवर उत्तीर्ण होतो, परंतु कंबरेच्या मर्यादेवर येऊन ठेपतो. स्त्री तर दोन्ही मर्यादा ओलांडते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के असून, रुग्णांची संख्या दहा कोटींहून अधिक आहे. पोटाची स्थूलता ३९.५ टक्के प्रौढांत आढळली. सर्वसाधारण स्थूलतेचे प्रमाण २८.६ टक्के होते. केवळ बीएमआय पाहिल्यास किती जण नजरेतून सुटतात, याची कल्पना या दोन आकड्यांच्या तफावतीवरून येते.

स्थूलतेच्या व्याख्येचा फेरविचार करणाऱ्या 'लॅन्सेट'च्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही जानेवारी २०२५ मध्ये हीच दिशा दाखविली. बीएमआयच्या जोडीला कंबरेसारखे दुसरे माप किंवा चरबीचे प्रत्यक्ष मोजमाप घेऊनच अतिरिक्त मेदाचे निदान करावे, अशी आयोगाची शिफारस आहे.

वाचकांनी काय करावे?

- टक्केवारीच हवी असेल, तर कंबरेचा समावेश असलेले सूत्र निवडावे. केवळ वजन-उंचीवरील सूत्राचा कमी आकडा पाहून निश्चिंत होऊ नये.
- एकदा निवडलेले सूत्र बदलू नये. सकाळी, उपाशीपोटी, त्याच जागी आणि श्वास सहज सोडल्यावर माप घ्यावे. तीन वेळा मोजून सरासरी काढावी.
- आकड्यापेक्षा काही महिन्यांतील त्याची दिशा महत्त्वाची मानावी.
- गणित नको असल्यास कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे ना, एवढे पाहावे. वरील उदाहरणात उंचीचे निम्मे ८५ सेंटिमीटर, तर कंबर ९० सेंटिमीटर आहे.
- गर्भवती स्त्रिया, शरीरसौष्ठवपटू, पायांवर सूज किंवा पोटात पाणी झालेले रुग्ण यांना ही सूत्रे लागू पडत नाहीत.
- कंबर मर्यादेबाहेर असल्यास, वजन योग्य असले तरी, रक्तशर्करा, रक्तदाब आणि रक्तातील मेद यांची तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कोणतेही सूत्र रोगाचे निदान करीत नाही. चांगले सूत्र पुढील तपासणीची वेळ झाली आहे एवढेच सांगते. सडपातळ दिसणाऱ्या, परंतु पोट पुढे आलेल्या माणसाच्या बाबतीत ती सूचना वजनकाट्याआधी साध्या मोजपट्टीकडून मिळते.